डिझेलचा परतावा लिटरवर द्यावा की नौकेवर?

हिशेबनीस

मासेमारी नौकेने डिझेल घेताना भरलेला मूल्यवर्धित कर राज्य सरकार मच्छीमार संस्थांमार्फत परत करते. तो बंद करावा, असे माझे म्हणणे नाही. आक्षेप आहे तो मापाला. परतावा लिटरवर मिळत असल्याने जो अधिक जाळतो त्याच्या पदरात अधिक पडते. ट्रॉलर तळावरून तासन्‌तास जाळे ओढत नेतो आणि त्याचे बरेचसे इंधन त्या ओढीतच जाते. उलट डोल, म्हणजे पिशवीसारखे जाळे, खुंटांना बांधून भरती-ओहोटीच्या प्रवाहात सोडलेली असते, मासळी पाणीच आणून देते, आणि नौकेला मुख्य खर्च पडतो तो जाण्यायेण्याचा. या दोघांना एकच फूटपट्टी लावणे मला न्याय्य वाटत नाही.

बचतीला वावही मोठा आहे. इंजिनावरचा भार ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८ नॉटऐवजी (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ७ नॉटने आल्यास ताशी सुमारे एक तृतीयांश डिझेल वाचते, आणि वेळ जास्त लागतो हे धरूनही त्याच अंतराला पूर्वीच्या पाऊणपट इंधन पुरते. बुडाला चिकटलेले शंख-शेवाळ वेळेवर खरवडणे, इंजिनाला जुळणारा नौका ढकलणारा पंखा बसवणे, हे उपाय तर जुनेच आहेत. म्हणून एकूण रक्कम तेवढीच ठेवून ती नौकेचा आकार आणि मासेमारीचा प्रकार पाहून ठरावीक द्यावी. मग वाचलेल्या प्रत्येक लिटरचा लाभ नाखव्यालाच होईल.

खाडीकाठ

आमची नौका पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीची आहे, त्यामुळे आपला घनाचा हिशेब वाचून थोडे हसू आले. गणित बरोबर असेल, पण ५० सागरी मैलांवरून ७ नॉटने आलो तर पाऊण तासाहून अधिक उशीर होतो, आणि आमच्या खाडीत गाळ इतका साचला आहे की भरती चुकली तर पुढच्या भरतीपर्यंत नौका बाहेर उभी करावी लागते. तेवढ्या वेळात बर्फ वितळतो, मासळी नरमते आणि लिलावात भाव पडतो. डिझेलचे दोन पैसे वाचवून मासळीचे दहा घालवण्याचा सल्ला नौका चालवणारा कोणता तांडेल ऐकेल?

शिवाय अंतर वाढवले कोणी? मासळी किनाऱ्यापासून दूर गेली ती आमच्या हौसेने नव्हे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदरामुळे जवळची मासेमारीची जागा गेली तर आम्ही आणखी लांब जाणार, आणि ठरावीक परताव्यात तो वाढीव खर्च कोण भरून देणार, हे आपल्या प्रस्तावात कुठेही नाही. परतावा आधीच उशिरा हाती पडतो. नवे सूत्र आले की नवी कागदपत्रे आणि नवा विलंब, एवढेच आमच्या वाट्याला येईल.

चंदेरी

दोघांचेही एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले आहे. कमी डिझेलची मासेमारी शाश्वत असतेच असे नाही. डोलीचेच पाहा: इंधनाच्या दृष्टीने ती गुणी, पण तिच्या खोल्याची, म्हणजे शेवटच्या पिशवीची, आस (जाळ्याचे छिद्र) बारीक, म्हणून पापलेटची पिल्ले तिच्यातच अडकतात. २०२३ मध्ये सरकारने याच पापलेटला राज्य मासा ठरवले, त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी पकडण्याचे किमान आकारमानही अधिसूचित झाले. तरी बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेट विकत घेणारे आपणच असतो.

दुसरे असे की इंधन वाचले म्हणजे फेरी स्वस्त झाली, आणि फेरी स्वस्त झाली की फेऱ्या वाढतात. आधी आस, आकारमान आणि परवान्यांची संख्या यांवर बंधन पाळले जावे, मग कार्यक्षमतेची भाषा करावी. नाहीतर आपण अतिमासेमारीचाच खर्च कमी करून देऊ.

हिशेबनीस

पिल्लांचा मुद्दा मान्य करतो. डोलीचे कौतुक करताना मी फक्त डिझेलच मोजले, ही चूक झाली. पण दोन उद्दिष्टे नेहमीच एकमेकांविरुद्ध जातात, हे मात्र पटत नाही. ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीला चौकोनी आस लावली तर ताण पडूनही ती उघडी राहते आणि लहान मासळी निसटते, तर नेहमीची शंकरपाळ्याच्या आकाराची आस ओढताना मिटते. एलईडी दिव्यांची मासेमारी तर दोन्ही बाजूंनी वाईट: जनित्रावर डिझेल जाळायचे आणि उजेडाला जमलेले थवेच्या थवे उपसायचे. केंद्राने तिच्यावर २०१७ मध्ये बंदी घातली, पण अंमलबजावणी किती, ते किनाऱ्यावर राहणाऱ्यांना विचारावे.

खाडीकाठ यांच्या भरतीच्या हरकतीवर माझ्याकडे उत्तर नाही. गाळ काढणे हेच तिथले पहिले इंधनबचतीचे काम असेल, तर तो खर्च ऊर्जाबचतीच्या खात्यावर मांडायला हवा.

खाडीकाठ

मांडा की, आम्ही कुठे अडवले आहे? मात्र क्रम सांगतो: आधी खाडीतला गाळ, मग धक्क्यावर वेळेवर बर्फ, आणि थकलेला परतावा चुकता करणे. एवढे झाले की ठरावीक रकमेच्या परताव्यावर आमच्या संस्थेच्या सभेत मी स्वतः विषय मांडीन. चंदेरी यांना एक विनंती: खोल्याची आस मोठी करा असे सांगताना, तिच्यातून जवळाही निसटेल आणि त्यावरच ज्या बायकांचे सुकटीचे दुकान चालते त्यांचे काय, हेही सांगावे.

चंदेरी

जवळ्यासाठी आस सरसकट मोठी करता येणार नाही, हे खरे आहे. पण पावसाळी बंदी ३१ जुलैला संपल्यावर, पिल्ले दाट असतात त्या सुरुवातीच्या आठवड्यांत डोल काही ठिकाणी लावायचीच नाही, असे गावाने ठरवणे शक्य आहे, आणि त्यात डिझेलही वाचेल. त्या आठवड्यांची भरपाई परताव्याच्या रकमेतून द्यायला हिशेबनीस तयार आहेत का?