रात्री ५०-६० प्लेअर, त्यात दहा-बारा कसलेले: नव्यांना टिकवायचं कसं?

राजारामपुरी_गल्ली
आमचा मोबाईलवरचा चार-विरुद्ध-चार झेंडा पळवायचा शूटर आहे. मॅच ८ मिनिटांची. प्लेअर बहुतेक कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली-मिरजेकडचे. रात्री ८ ते ११ एका वेळी ५०-६० जण ऑनलाइन, बाकी दिवसभर शुकशुकाट. त्यातले दहा-बारा रोजचे, पार्टी (मित्रांचा गट) करूनच येतात आणि नव्यांना धुऊन काढतात. नवा गडी दोन मॅच हरला की ॲप काढून टाकतो. रेटिंग साधं इलो (हार-जितीवर वरखाली होणारा ताकदीचा आकडा), के ३२ (एका मॅचला जास्तीत जास्त ३२ गुण हलतात), सुरुवात १००० वर. दोन पर्याय डोक्यात आहेत: रँक्ड (रेटिंगची) आणि कॅज्युअल (नुसती मजेची) अशा दोन रांगा, नाहीतर नव्यांना गुपचूप २० टक्के जादा डॅमेज (गोळीचा मार). कुठला धरू?

उद्यमनगर_कोडर
दोन्ही नको. आधी रांगेचं गणित बघ. ५०-६० पैकी ४८ जण मॅचमध्ये धर. ८ मिनिटांची मॅच, म्हणजे मिनिटाला सरासरी ६ जण मोकळे होऊन परत रांगेत येतात. रांग फोडली आणि पाचातला एक रँक्डला गेला, तर तिथं मिनिटाला १.२ जण. आठ जमायला जवळपास ७ मिनिटं, म्हणजे मॅचएवढीच वाट. एवढं कोण थांबतंय? तेच लोक नवं अकाउंट काढून कॅज्युअलमध्ये घुसणार, आणि ज्यांच्यासाठी भिंत बांधली तेच मार खाणार.

रांग एकच ठेव, फोड ती लॉबी, म्हणजे एका मॅचला जमलेले आठ जण. आठ जणांचे दोन संघ ३५ प्रकारे पडतात. सगळे मोजायला सर्व्हरला काहीच लागत नाही. पण नुसती बेरीज जुळवू नकोस. १८०० चा एक आणि ८०० चे तीन मिळून ४२००, आणि १०५० चे चारजण मिळूनही ४२००. कागदावर बरोबरी, मैदानात तो १८०० वाला एकटा नकाशा झाडतो आणि त्याचे तिघे साथीदार नुसते बघत बसतात. म्हणून पहिले दोन तगडे समोरासमोर टाक, उरलेल्या सहांच्या २० वाटण्यांतून बेरीज जवळची धर. खासबागेत पंच जोड लावतात ती अशीच, आधी मोठी कुस्ती ठरते.

गुपचूप डॅमेज तर अजिबात नको. आठवड्यात कुणीतरी मोजून काढतो, आणि मग त्या २० टक्क्यांसाठीच नवी अकाउंटं निघतात.

पंचगंगा_पिंग
लॉबीचं पटलं. पण रेटिंगच चुकीचं असेल तर वाटणी काय कामाची?

इलो बुद्धिबळासाठी, एकास एक. तुमचा नवखा १००० वर बसतो, खरी ताकद समजा ६००. बरोबरीच्या रेटिंगच्या संघापुढं एक हार म्हणजे १६ गुण वजा. ६०० वर यायला २५ हारी! त्याआधीच तो गेलेला असतो. ४०० चा फरक म्हणजे इलोच्या सूत्रानं एकास एक जिंकायची शक्यता अकरात एक.

दोन आकडे ठेवणारी पद्धत घ्या, एक अंदाज आणि एक त्या अंदाजाची अनिश्चितता. नव्याची अनिश्चितता मोठी, म्हणून पहिल्या काही मॅचमध्ये आकडा भराभर सरकतो, नंतर स्थिरावतो. ट्रूस्किल याच जातीची, सुरुवात २५ आणि ८.३३ वर, पण ती मायक्रोसॉफ्टची आहे आणि व्यावसायिक वापराला परवान्याचा घोळ आहे. ओपनस्किल मुक्त आहे आणि संघांसाठीच केलेली आहे. ग्लिको-२ चांगली, पण मुळात एकास एकाची.

गुण फक्त हार-जितीवर द्या. किलवर दिले की झेंडा कोण उचलत नाही. आणि नवं अकाउंट पहिल्या पाचांत चार मॅच एकतर्फी जिंकलं तर बॅन करत बसू नका. अनिश्चितता पुन्हा वाढवा, दोन-तीन मॅचमध्ये तो आपोआप वर जातो.

शाहूपुरीची_मेडिक
सगळे नव्यांचंच बोलताय. रोजचे लोक रात्रीची लॉबी भरतात. ते गेले तर नव्यांना खेळायला तरी कोण उरणार? त्यांना शिक्षा वाटेल असं काही करू नका. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमच्या चाचणीत जास्त वेळ खेळणाऱ्याचे अनुभव-गुण निम्मे होत होते, लोक भडकले. मग मांडणी उलटी केली: विश्रांती घेऊन आलेल्याला दुप्पट, बाकीच्यांना नेहमीचे. हिशोब जवळपास तोच, तक्रार संपली. तुम्हीही दिवसाच्या पहिल्या दोन मॅचला दुप्पट बक्षीस द्या. कमी वेळ असलेल्याचा फायदा, रोजच्यांचं नुकसान नाही. बक्षीस मात्र पोशाख-रंगांचं. बंदुकीची ताकद कधीच नाही.

रँक्ड हवंच असेल तर ते रात्री ९ ते १०.३० एवढंच उघडा. तेवढ्या वेळात लोक एकवटतात, रांग भरते. बाकी वेळ एकच रांग.

आणि नेम न लागणाऱ्याला काम द्या. टीम फोर्ट्रेस २ मध्ये २००७ पासून मेडिक आणि इंजिनीअर आहेत. नवखाही साथीदाराला बरं करून किंवा तोफ उभारून जिंकण्याला हातभार लावतो. दादा, तुमच्या गेममध्ये चारही भूमिका गोळ्या झाडायच्याच आहेत, नव्यांची अर्धी गळती तिथंच असेल असं माझं मत.

राजारामपुरी_गल्ली
लय भारी, रांग फोडत नाही. पण पार्टी? चौघे एकत्र आले की वाटणीच होत नाही.

उद्यमनगर_कोडर
पार्टी बंद करू नकोस भावा, आपल्याकडं लोक मित्रांमुळंच खेळतात. पार्टीची सरासरी धरायची नाही. सरासरी आणि सगळ्यात तगड्याचं रेटिंग यांच्या मधला आकडा धर. चौघांना एकमेकांशी बोलायची सोय असते, त्याचे आणखी ५०-१०० वर चढव. हा आकडा नंतर निकाल बघून हलव. जोडीदार-विरोधकांचा शोध रेटिंगच्या ±१०० पासून, दर १० सेकंदाला ५० नं वाढव, ±४०० ला थांब. तरी जुळलं नाही तर बॉट (कॉम्प्युटरचा गडी) भर आणि तसं स्क्रीनवर स्पष्ट लिही. पिंगची (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेची) मर्यादा मात्र सैल करू नकोस. सर्व्हर मुंबईचाच ठेव, सिंगापूर नको.

पंचगंगा_पिंग
आणखी एक, मोबाईलवर फोन येतो आणि माणूस मॅचमधून जातो. पहिल्या मिनिटात गेला तर मॅच रद्द, कुणाचेच गुण नाहीत. नंतर गेला तर ९० सेकंद जागा राखून ठेवा, तोवर बॉट. परत आला तर त्याला काही दंड नाही. आला नाही तर त्याची हार पूर्ण धरा, उरलेल्या तिघांची निम्मी.