लेडली किंग खरंच प्रॅक्टिस न करता खेळायचा काय?

टिळकवाडी_स्टॉपर:
मंडळी एक विचारायचं होतं. मी लेले ग्राउंडवर फुटबॉलमध्ये स्टॉपर (मधला डिफेंडर) खेळतो, डावा गुडघा लई दुखूलाय म्हणून प्रॅक्टिसला दांड्या पडल्यात, आणि सर म्हणतात प्रॅक्टिस नाही तर मॅच पण नाही. आमच्यातला एकजण म्हणतोय इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबचा लेडली किंग आठवडाभर ट्रेनिंग न करता डायरेक्ट मॅचला उतरायचा, वर कॅप्टन पण होता. हे खरं काय नुसती पुडी सोडलाय? खरं असंल तर सरांना दाखवतो.

कॅम्पचा_जुना_बॅक:
खरं हाय की. पण सरांना दाखवू नको, उलटं तुझ्यावरच येईल 😀 त्याच्या डाव्या गुडघ्यात कार्टिलेज (हाडांमधली मऊ गादी) जवळजवळ उरलंच नव्हतं, मॅच झाली की गुडघा सुजायचा आणि सूज उतरेपर्यंत पुढचा शनिवार यायचा, मग ट्रेनिंग करणार कधी? जिम आणि स्विमिंग पूल एवढंच. हौसेनं दांडी मारत नव्हता बाबा तो. आणि एवढं सांभाळून पण 2012 ला 31 वर्षांचा असताना रिटायर व्हावं लागलं, स्टॉपर लोक 35-36 पर्यंत आरामात खेळतात.

खानापूर_एक्सप्रेस:
वरच्या दादांशी सहमत. पण एवढं असून तो मॅचमध्ये कशामुळं चालायचा ते बघा, धावून नव्हे तर आधी ओळखून. स्ट्रायकर कुठं वळणार ते ह्याला आधीच कळायचं, शर्ट ओढणं, ढकलाढकली जवळजवळ नाहीच. चेल्सीविरुद्ध त्यांचा रॉबेन एकटा गोलकडं निघालेला, हा मागून आला आणि स्लायडिंग टॅकल मारून नुसता बॉल काढून घेतला, फाऊल नाही काही नाही. व्हिडिओ बघ, शेवटचं पाऊल कधी टाकतो तेवढंच बघ. आपल्याकडं पावसाळ्यात चिखलात सगळेच घसरतात, पण त्याला टॅकल म्हणत नाहीत 😂

टिळकवाडी_स्टॉपर:
बघितला, बाप माणूस. मग जिंकला काय काय?

निपाणीकर_10:
एकच मोठा कप, 2008 चा लीग कप, वेम्ब्लीवर फायनल, चेल्सीला 2-1. चेल्सीच्या द्रोग्बानं फ्री किकवर पहिला मारला, आपल्या बर्बाटोवनं पेनल्टीवर फेडला आणि एक्स्ट्रा टाइममध्ये आपल्याच वुडगेटचं हेडर. कप किंग आणि रॉबी कीननं मिळून उचलला. पण माझ्यासाठी मोठी गोष्ट ही की 2001 ला टॉटनहॅमचा स्टॉपर सोल कॅम्बेल करार संपल्यावर फुकटात उठून आर्सेनलला गेला, तेही कट्टर वैऱ्याकडं, तेव्हा त्याची जागा ह्या पोरानं भरली आणि शेवटपर्यंत दुसरा क्लब बघितला नाही. इंग्लंडकडून फक्त 21 मॅच. चेल्सीचा स्टॉपर जॉन टेरी आणि हा लहानपणी सेनरॅब नावाच्या एकाच टीममध्ये होते, टेरीला 78 मिळाल्या, गुडघा धड असता तर गणित वेगळं असतं. 2010 च्या वर्ल्डकपला अमेरिकेविरुद्ध उतरला तर हाफ टाइमलाच बाहेर, आणि त्यावेळी गुडघा नाही, जांघेचा स्नायू.

कॅम्पचा_जुना_बॅक:
आणि डिफेंडर असून 2000 ला ब्रॅडफोर्डविरुद्ध दहा सेकंदाच्या आत गोल मारलाय, प्रीमियर लीगमधला (इंग्लंडची वरची लीग) फास्टेस्ट गोलचा रेकॉर्ड होता, शेन लाँगनं 2019 ला मोडला. ते असू दे, तू एमआरआय केलायस काय? जिना उतरताना दुखतंय का फक्त खेळल्यावर? आधी हाडाच्या डॉक्टरकडं जा आणि सरांना तोच रिपोर्ट दाखव.