घरट्याचे फोटो काढावेत का?

ओढ्याकाठचा:
गेल्या जूनमध्ये साताऱ्याच्या पश्चिमेला एका ओढ्यावर स्वर्गीय नर्तक या पक्ष्याचं घरटं होतं. खोबऱ्याच्या वाटीएवढं, कोळ्याच्या जाळ्यानं लिंपलेलं. नर अंड्यांवर बसला की पांढरी शेपटी खाली लोंबायची. मी लांबून दुर्बिणीतून बघायचो. मग कुणीतरी ग्रुपवर जागा टाकली. चौथ्या दिवशी गेलो तर समोरची फांदी कोयत्यानं छाटलेली, तिची पानंसुद्धा कोमेजली नव्हती. घरटं रिकामं. त्या फांदीमुळेच ऊन लागत नव्हतं, कावळ्याला दिसत नव्हतं. माझं मत स्पष्ट आहे, विणीच्या काळात घरट्याचे फोटो काढूच नयेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना त्रास देणं शिकारीतच धरलंय.

कराडकर:
वाचून वाईट वाटलं. पण दोष कोयत्याचा आहे, कॅमेऱ्याचा नाही. पंधरा वर्षं फोटो काढतोय, एकाही घरट्याला हात लावलेला नाही. मायणीच्या तलावावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात हे बाहेरच्यांना फोटोंमुळेच कळलं. 2021 साली तिथं पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र झालं, त्यात फोटोंचाही वाटा आहे असं मी मानतो. पक्षी मरतात ते नायलॉन मांज्यानं. कृष्णाकाठी वीटभट्टीला माती नेताना वेड्या राघूंची घरट्याची बिळं दरडीसकट जातात, त्यावर कोण बोलतं?

माणदेशी:
कराडकर, हात लावला नाही एवढ्यानं भागत नाही. आमच्याकडे माण-खटावात मे महिन्यात टिटवी उघड्या माळावर चार अंडी घालते. ती पाण्यात पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, अंडी गार राहावीत म्हणून. तुम्ही शेजारी तासभर ठाण मांडलंत तर ती नुसती टिवटिव करत घिरट्या घालणार. तेवढ्या वेळात अंडी तापतात. फोटो मात्र झकास येतो!

आणि येरळवाडीच्या तलावावर रोहितांवर ड्रोन सोडणाऱ्यांचं काय? रोहित पाण्यावर पळत पळतच उडतो. उडतानाचा फोटो हवा म्हणून चरणारा थवा पुन्हा पुन्हा उठवायचा, म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढणं.

कराडकर:
ड्रोनला माझाही विरोधच. टिटवीचं पटलं, माळावर मी इतका विचार केला नव्हता. पण सरसकट बंदी नको. आडोशाला बसून लांबच्या लेन्सनं दहा मिनिटांत फोटो काढून निघालं तर काय बिघडतं?

ओढ्याकाठचा:
तुम्ही दहा मिनिटांत निघाल हो. पण तो फोटो बघून जागा विचारणारे पन्नास जण येतात, त्यांना कोण आवरणार? मांजा, वीटभट्टी यांवर वेगळा धागा काढा, मी येतो. इथं आपल्या हातातलं बोलू. निदान घरट्याची जागा कुणालाच सांगायची नाही, जवळच्या मित्रालाही नाही. हे तरी मान्य आहे का?

कराडकर:
जागेचं मान्य. फोटोचं नाही.