अपंगत्वाचे चित्रण: चित्रकाराची सहृदयता पुरेशी आहे का?

धागाकर्ता: कलेने अपंगांना केवळ दयेचा किंवा हसण्याचा विषय केले, हे सरसकट विधान मला मान्य नाही. फ्लेमिश चित्रकार ब्रूगेलने १५६८ मध्ये रंगवलेल्या चित्रात एकमेकांच्या आधाराने चालत खड्ड्यात कोसळणारे सहा आंधळे आहेत, आणि त्यांचे डोळे इतक्या बारकाईने रंगवले आहेत की वैद्यकांनी त्यांवरून निरनिराळे नेत्रविकार ओळखले आहेत. स्पॅनिश चित्रकार वेलास्केझने सुमारे १६४५ मध्ये राजदरबारातील खुजा विदूषक सेबास्तियान दे मोरा रंगवला, तेव्हा विदूषकी चाळे वगळून जाब विचारणारी नजर तेवढी ठेवली. इतके निरखून पाहणे हाच आदर नव्हे काय?

प्रतिसाद १: नव्हे. ब्रूगेलच्या आंधळ्यांचे कोसळणे आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवली तर दोघेही खड्ड्यात पडतात, या बायबलमधील दृष्टांतासाठी आहे; डोळसांचे अज्ञान दाखवण्यासाठी त्यांचे अंधत्व वापरले आहे. दे मोराची नजर मलाही अस्वस्थ करते, मात्र राजाच्या पदरी करमणुकीसाठी ठेवलेल्या माणसाला, जमिनीवर बसवून तळपाय प्रेक्षकाकडे करताना, कोणी विचारले असेल असे वाटत नाही. याउलट चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे इजिप्तमधील खुज्या सेनेबचे शिल्प पाहावे. सेनेब स्वतः उच्चपदस्थ होता. तो पत्नीशेजारी मांडी घालून बसला आहे आणि एरवी पाय जिथे आले असते, त्या जागी शिल्पकाराने त्याची दोन मुले उभी केली आहेत. त्यामुळे रचना भरीव राहते आणि ठेंगणेपणाही लपत नाही. मूर्ती कशी असावी हे ठरवणे ज्याच्या हाती होते, त्याचे हे शिल्प आहे.

प्रतिसाद २: या न्यायाने फक्त आत्मचित्रेच उरतील. अपघातात कणा मोडलेल्या मेक्सिकन चित्रकार फ्रीडा काहलोचे, स्वतःच्या कण्याच्या जागी भंगलेला स्तंभ दाखवणारे १९४४ चे चित्र थोरच आहे, पण म्हणून जर्मन चित्रकार ओटो डिक्सला बाद करायचे का? त्याने १९२० मध्ये पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेले सैनिक अत्यंत विद्रूप रंगवले. नाझींना ती चित्रे सोसली नाहीत, कारण त्यांतला रोष युद्धावर होता.

प्रतिसाद १: आत्मचित्रांचा आग्रह मी धरलेला नाही. २००५ मध्ये लंडनच्या ट्राफलगार चौकात उभे राहिलेले ॲलिसन लॅपरचे गरोदरपणीचे शिल्प ब्रिटिश शिल्पकार मार्क क्विनचे आहे, आणि क्विन अपंग नाही. परंतु जन्मतः हात नसलेली लॅपर स्वतः कलाकार आहे आणि तिचा त्याला होकार होता. डिक्सच्या सैनिकांना मात्र, हेतू कितीही चांगला असला तरी, पुन्हा साधनच व्हावे लागले.

धागाकर्ता: होकार हा नीतीचा निकष आहे, चित्राचा नव्हे. राजांनी स्वतःच्या मर्जीने काढवून घेतलेली असंख्य चित्रे आज कंटाळवाणी वाटतात. दे मोरासमोर मात्र थांबावेच लागते.