जंगल पुन्हा वाढते, तरी कॅरिबू का घटतात?

रानजाई
मी चार वर्षांपासून कॅनडात, अल्बर्टा प्रांतात राहते. इथल्या २५ सेंटच्या नाण्यावर कॅरिबूचे, म्हणजे इथल्या रानटी रेनडिअरचे, शिंगांसह मस्तक आहे, पण प्रत्यक्षात तो मला एकदाही दिसलेला नाही. लाकूडतोडीनंतर नवी रोपे लावली जातात आणि काही वर्षांत तिथे हिरवेगार रान उभे राहते, हे मी स्वतः पाहिले आहे. मग कॅरिबूचा अधिवास नष्ट झाला असे का म्हणतात? आणि त्यांना वाचवण्यासाठी लांडगे मारतात, ते योग्य आहे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

पश्चिमवारा
आपण पाहिलेली हिरवाई खरी आहे, पण ती कॅरिबूच्या उपयोगाची नाही. हिवाळ्यात हा प्राणी मुख्यतः लायकेनवर जगतो. आपल्या काळ्या मसाल्यात पडणारे दगडफूल याच गोतातले. ते अतिशय सावकाश वाढते आणि जुन्या जंगलातच मुबलक मिळते, त्यामुळे तोडलेल्या जागी ते पुरेसे साठायला अनेक दशके जातात. त्याउलट नव्या रानातल्या कोवळ्या झुडपांवर मूस (हरणाच्याच कुळातला थोराड प्राणी) आणि हरणे पोसली जातात व त्यांच्यामागोमाग लांडगे वाढतात. मूसच्या मादीला पुष्कळदा जुळे होते, कॅरिबूला मात्र वर्षाला एकच पाडस. म्हणून लांडग्यांचा जो भार मूस सोसतात, तो कॅरिबूंना सोसत नाही.

त्यात तेलाच्या शोधासाठी जंगलातून सरळ कापलेल्या पट्ट्यांची भर पडली. त्यांतले कित्येक आजही बुजलेले नाहीत, आणि दाट झाडीत अडखळणारा लांडगा त्यांवरून वेगाने दूरवर जातो. कॅनडा सरकारच्या २०१२ च्या पुनरुज्जीवन आराखड्यानुसार कळपाच्या क्षेत्रापैकी किमान ६५ टक्के भाग अबाधित असेल, तरच तो कळप स्वबळावर टिकण्याची शक्यता ६० टक्के असते. हा उंबरठाही काही फार उदार नाही.

अनवाणी
शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील क्लिन्से-झा या कॅरिबू कळपाबद्दल आवर्जून सांगावेसे वाटते. २०१३ मध्ये त्यात फक्त ३८ जनावरे उरली होती. वेस्ट मोबर्ली आणि सोल्टो या मूलनिवासी समाजांनी २०१४ पासून गाभण माद्यांना डोंगरावरच्या कुंपणात ठेवायला सुरुवात केली. त्यांच्यासाठी लोक हाताने लायकेन गोळा करतात, राखणदार पहारा देतात आणि पाडसे पुरेशी धावू लागली की त्यांना आयांसह रानात सोडले जाते. २०२१ पर्यंत हा कळप शंभरावर गेला. १९७० च्या दशकातच या समाजांनी कॅरिबूची शिकार आपणहून थांबवली होती. ज्यांच्या ताटातला घास गेला त्यांनीच हा कळप सावरला, याचे मला फार मोल वाटते.

रानजाई
मनापासून आभार. लांडग्यांचा प्रश्न मात्र राहिला.

पश्चिमवारा
क्लिन्से-झामध्येही कुंपणाच्या जोडीला लांडग्यांची संख्या कमी केली गेली होती, हे सांगितलेच पाहिजे. एखादा कळप आज-उद्या संपणार असेल, तर तेवढा वेळ मिळवण्यासाठी हा उपाय मी जड मनाने मान्य करीन. पण एकीकडे लांडगे मारायचे आणि दुसरीकडे त्याच क्षेत्रात जुनी झाडे तोडत राहायचे, हे मला सरळ अन्यायाचे वाटते. अमेरिकेच्या सीमेवरील साउथ सेलकर्क कळपात २०१८ मध्ये तीनच माद्या उरल्या होत्या. जानेवारी २०१९ मध्ये त्यांतली शेवटची मादी पकडून रेव्हलस्टोकजवळच्या कुंपणात हलवावी लागली आणि अलास्का वगळता अमेरिकेत रानटी कॅरिबू उरला नाही.