कडक उन्हात हरणाची शिकार – मांस वाया गेलं, नेमकं काय चुकलं?

नवखा_नेमबाज

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, परवाना आहे, सीझन उघडा आहे, सगळं रीतसर आहे, त्यामुळे शिकार करावी की नाही यावर इथे वाद नको प्लीज.

माझा हा दुसराच सीझन. गेल्या वर्षी चांगल्या थंडीत हरीण मिळालं होतं तेव्हा सगळं निवांत झालं. यंदा सीझन उघडला तोच ३५ डिग्रीत. पहाटेपासून पाणवठ्याजवळ मचाणावर बसून होतो, दिवसभर पानसुद्धा हललं नाही, मग अंधार पडायला अर्धा तास असताना एक नर आला, गोळी घातली, नीट बसली. पण तो पळाला, त्याला शोधेपर्यंत, मग फोटोबिटो काढून गाडीपर्यंत ओढत आणेपर्यंत अडीच तास गेले. तसाच मागे टाकला आणि घरी येऊन रात्री उशिरा पोट उघडलं. वरून मांस एकदम मस्त दिसत होतं हो, पण दुसऱ्या दिवशी मागच्या मांडीत हाडापर्यंत सुरी घातली आणि असा वास आला की विचारू नका. निम्मं फेकलं. जनावर मारलं आणि खाल्लंही नाही, हे डोक्यातून जात नाहीये.

तर उन्हात हरणं जातात कुठे, आणि मिळालंच तर मांस वाचवायचं कसं?

जुनी_बंदूक

मित्रा, तुझं मांस रात्री घरी नाही, त्या अडीच तासांतच गेलं.

जिवंत हरणाच्या अंगाची उष्णता साधारण ३८-३९ डिग्री असते. मेल्यावर ती बाहेर पडायला वाट लागते आणि आपण ती वाट बंद करून बसतो. वरून केसांचं कातडं म्हणजे घोंगडी, आणि आत पोटात रवंथ करणाऱ्या जनावराचा तो मोठा कोठा, त्यातलं आंबणं जनावर मेलं म्हणून थांबत नाही. गॅस धरतो, पोट फुगतं, आतून शेगडी चालूच. मागची मांडी हा सगळ्यात जाड भाग, हाडाजवळची उष्णता सगळ्यात शेवटी निघते, म्हणून सडायला सुरुवात तिथून होते आणि वरून कळत नाही. तुझं अगदी हेच झालंय.

४ ते ६० डिग्री या पट्ट्यात जंतू वाढतात, आणि त्यातही अंगाच्या उष्णतेच्या आसपास तर वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. म्हणून जनावर पडल्याची खात्री झाली की फोटो नंतर, आधी जागेवरच पोट उघडून आतडी, कोठा सगळं बाहेर. आतडं किंवा मूत्राशय फुटू देऊ नको, फुटलंच तर तेवढा भाग कापून टाक. मग कातडं उतरव. थंडीत कातडं ठेवून टांगतात ते इथे विसर. गाडी लांब असेल तर तिथेच चार तुकडे कर, मांडीत हाडाच्या कडेने सुरी घालून उघडी कर म्हणजे आतली वाफ निघेल (अर्थात तुझ्याकडे त्याला परवानगी असेल तर, काही ठिकाणी जनावर अख्खंच दाखवावं लागतं).

बर्फ थेट मांसावर ओतायचा नाही. वितळलेल्या पाण्यात मांस पोहत राहिलं की ते फिकं, बुळबुळीत होतं आणि जंतूंची तर चंगळच. बाटल्यांत पाणी गोठवून न्यायचं, आइसबॉक्समध्ये मांसाच्या मधे मधे ठेवायचं, खालची तोटी उघडी ठेवायची. आणि गरम मांस प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायचं नाही, कधीच नाही. पातळ सुती कापडाची पिशवी घे, हवा लागते आणि माश्याही बसत नाहीत. उन्हाळ्यात त्या निळ्या-हिरव्या माश्या काही मिनिटांत हजर होतात आणि अंडी घालून मोकळ्या.

वाऱ्यावरचा

मांसाचं वर आलंच, मी हरणांचं सांगतो. उन्हात ती गायब होत नाहीत, फक्त दिवसा हलत नाहीत. दाट सावली, ओढ्याकाठची गच्च झाडी, डोंगराची ऊन न लागणारी बाजू, जिथे जरा झुळूक आहे तिथे बसून रवंथ करतात. सीझनच्या सुरुवातीला तर हिवाळ्याचे केस यायला लागलेले असतात, म्हणजे अंगात स्वेटर आणि बाहेर ऊन. कोण फिरेल? चरायचं ते रात्री आणि पहाटे.

त्यामुळे दिवसभर पाणवठ्यावर बसून तू फक्त स्वतःचा घाम तिथे सोडलास :) दुपारी निघ, बसायची जागा म्हणजे विश्रांतीची झाडी आणि पाणी यांच्या मधली वाट. वारा मात्र बघ. ऊन तापलं की हवा उताराने वर चढते, संध्याकाळी गार व्हायला लागली की खाली ओघळते, म्हणजे दुपारी बरोबर असलेली जागा सूर्य कलल्यावर उलटी होते. माझे सगळ्यात जास्त चान्स याच एका गोष्टीने घालवलेत, बंदुकीने नाही.

आणि पाण्याजवळ मेलेली किंवा झिंगल्यासारखी चालणारी हरणं दिसली तर तिथून काही उचलू नको, वनखात्याला कळव. उन्हाळा संपता संपता चिलटांसारख्या बारीक माश्यांमुळे हरणांत रक्तस्रावी ताप पसरतो, त्यात तापलेलं जनावर पाण्याकडे धाव घेतं.

नवखा_नेमबाज

दोघांचेही आभार, डोळे उघडले. एक शंका. सगळे म्हणतात गोळी लागल्यावर लगेच मागे जाऊ नको, थांब. पण या उकाड्यात थांबलो तर मांस जाणार, नाही थांबलो तर जनावर जाणार. मग?

जुनी_बंदूक

छातीत बसली असेल तर अर्धा तास पुरतो, बहुतेक वेळा जवळच पडलेलं असतं. पोटात लागली तर सहा-आठ तास थांबावं लागतं, कारण मागे लागलास तर ते उठून मैलभर जाईल आणि मग मिळणारच नाही. मांस गेलं तरी चालेल पण जनावर तडफडत सोडायचं नाही, मी तरी थांबतो.

रानडुक्करवाला

काका, माफ करा पण इथे मी वेगळा विचार करतो. ३५ डिग्रीत आठ तास म्हणजे मांसावर पाणीच सोडायचं की. तो हिशोब गोळी झाडायच्या आधी करायचा. उकाड्यात संध्याकाळी शेवटच्या उजेडात अंतर जास्त असेल, जनावर तिरकं उभं असेल तर मी बोट ट्रिगरवर नेतच नाही. सकाळची शिकार असेल तर उजेड हातात असतो, माग काढता येतो. रक्त उन्हात भराभर वाळतं आणि काळं पडतं, मग टॉर्चच्या उजेडात ते आणि सुकलेलं पान सारखंच दिसतं. माग काढणाऱ्या कुत्र्यालाही कोरड्या तापलेल्या जमिनीवर वास धरवत नाही.

कुत्र्यांवरून आठवलं, कुत्रा स्वतःहून थांबत नाही, तो पडेपर्यंत पळतो. जीभ रुंद, लाळ घट्ट, पाय अडखळले की तिथेच थांबायचं, पोटावर आणि मांड्यांमध्ये पाणी ओतायचं. मी एक चांगला कुत्रा असाच घालवलाय, त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, म्हणून भर उन्हात त्याला शोधायचं तर ओला चिखल शोध. ताजं लोळलेलं असेल तर जवळच्या झाडांवर गुडघ्याएवढ्या उंचीवर ओला चिखल घासलेला दिसतो. त्याचं मांस मात्र आतपर्यंत ७१ डिग्री शिजवल्याशिवाय खायचं नाही, आत कृमी असू शकतात. पक्षी मारले तर ढीग करून पिशवीत कोंबू नका, पिसांमुळे उष्णता कोंडते, आतडी लगेच काढा आणि सुटे सुटे ठेवा. ससा सोलताना ग्लव्हज घाला.

जुनी_बंदूक

आधी हिशोब, हे मान्य. पण चुकलीच गोळी तर मी थांबणार, त्यात बदल नाही.

वाऱ्यावरचा

नवख्या, एक राहिलं. काडतुसं बंद गाडीत काचेमागे तापवत ठेवू नको. दारू गरम झाली की जोरात जळते, दाब वाढतो आणि गोळी वर लागते. आणि स्वतःसाठी पाणी किती नेलं होतंस?

नवखा_नेमबाज

एक लिटर. दिवसभरासाठी. दुपारी तीनपर्यंत संपलं होतं आणि डोकं असं ठणकत होतं की आता खरं सांगतो, गोळी नेमकी कुठे लागली हे मला नीट दिसलंच नव्हतं.