मदत हवी आहे: बॉबिन लेस शिकायला आलेल्यांना टिकवायचं कसं?

नमस्कार मंडळी, बॉबिन लेस (बॉबिन म्हणजे छोट्या दांड्या, त्यांवर गुंडाळलेले धागे उशीवर पिना टोचून एकमेकांत गुंफत केलेली लेस) शिकवायला घेतलीये, लोक उत्साहाने येतात पण उशीवरच्या पिना आणि लटकणारे बॉबिन बघितले की निम्म्यांचे चेहरेच पडतात. खरं तर चाली दोनच, एका वेळी दोन जोड्या म्हणजे चार धागे घ्यायचे, क्रॉसमध्ये मधल्या दोनपैकी डावा धागा उजव्यावरून, ट्विस्टमध्ये प्रत्येक जोडीतला उजवा डाव्यावरून, बाकी सगळं यांचंच कॉम्बिनेशन. पण नुसतं तोंडाने सांगून कोणाला पटतंय!

सध्या मी मोजक्याच जोड्या आणि जाड सुती धागा देते, आडवी फिरणारी जोडी वेगळ्या रंगाची, म्हणजे कुठला धागा भरकटला ते लगेच दिसतं. क्लॉथ स्टिच (कापडासारखी वीण) पटकन जमते. हाफ स्टिचला (जाळीदार वीण) आलं की घोळ, कारण तिथे जोडी फुटते, एकच धागा आडवा जातो आणि रंगाचा आधार संपतो, मग बॉबिन खाली आणि मोबाईल हातात.

तर हाफ स्टिच पुढे ढकलून आधी एखादा छोटा बुकमार्क पूर्ण करून घ्यावा का? आणि तरुण मुलामुलींना काय दाखवलं की ओढ लागते, कानातले, तारेची लेस? जुन्या टेबलक्लॉथचे फोटो दाखवून झाले, कोणी ढुंकूनही बघत नाही 😅 कोणी शिकवत असाल तर प्लीज सांगा.